सात वर्षांचा देश

फणसवाडीतल्या चाळीच्या गॅलरीत रेडिओ लागला होता, बाबूजी गात होते. आजोबांनी आवाज बारीक केला. "गीतरामायण सुरू झालं १ एप्रिल १९५५ला. त्याच्या आठच महिने आधी हे सुधीर फडके पोर्तुगीजांच्या ताब्यातलं सिल्वासा सोडवायला गेले होते, ठाऊक आहे?"

कायदा शिकणाऱ्या नातीला ठाऊक होतं. तिला खुपत होतं ते पुढचं. "२ ऑगस्ट १९५४ला सिल्वासा सुटलं. दादरा-नगर हवेली भारतात आली ११ ऑगस्ट १९६१ला. मधली सात वर्षं तो मुलूख कोणाचा?"

"तिथल्या लोकांचा. वरिष्ठ पंचायत कारभार बघायची."

"कागदावर."

"अगं, कागदच तर हवा होता!" आजोबा खुर्चीत पुढे सरकले. पोर्तुगालने १९५५च्या अखेरीस हेगच्या न्यायालयात खटला भरला होता. दमणहून नगर हवेलीला जायची वाट मागत होता. दिल्लीने तेव्हाच मुलूख ताब्यात घेतला असता, तर आक्रमक म्हणून बोंब झाली असती.

मग ते रंगात आले. मराठ्यांनी पोर्तुगीजांचं जहाज पकडलं, त्या भांडणातून १७७९चा तह झाला आणि वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावं पोर्तुगीजांच्या पदरात पडली. पावणेदोनशे वर्षांनी हेगमधले न्यायाधीश 'सरंजाम' या शब्दाचा कीस काढत बसले. पेशव्यांनी महसूल दिला, राज्य दिलं नाही, हे त्यांना पटलं. पण पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचं राज्य मान्य केलं होतं, हेही त्यांनी धरलं. एप्रिल १९६०च्या निकालात सामान्य माणसांचा आणि मालाचा वाटेचा हक्क मान्य झाला, सैन्याचा नाही.

"छान. पण सही कोणी केली?" नातीने विचारलं. "बडलानी. भारताचे सनदी अधिकारी. त्यांना एका दिवसापुरतं त्या मुलखाचं पंतप्रधान केलं आणि त्यांनी नेहरूंबरोबर विलीनीकरणाचा करार केला. म्हणजे दोन्ही बाजूंना दिल्लीच! तो देश खरा असेल, तर त्याचा पंतप्रधान आपलाच नोकर कसा? आणि खोटा असेल, तर कराराची गरज काय?"

आजोबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ठराव पंचायतीनेच केला होता."

"वारली, कोकणा माणसांच्या दारात मतपेटी गेली का? गोव्यात उलटं. तिथे फौज गेली, पोर्तुगालची सही १९७४ संपेपर्यंत नव्हती. पण १९६७ला लोकांना विचारलं तरी."

"भारतात राहायचं का, हे नव्हतं विचारलं. महाराष्ट्रात यायचं का, एवढंच." हे बोलताना आजोबांचा चेहरा उतरला. ते विलीनीकरणवाले, ३४,०२१ मतांची ती हार गिरगावातल्या पुष्कळांना घरची वाटली होती.

"एवढं तरी विचारलं ना."

"बरं. सिल्वासात मतपेटी ठेवली असतीस आणि 'वेगळेच राहू' निघालं असतं तर? चहूबाजूंनी भारत. मिठाची गोणीसुद्धा आपल्या नाक्यावरून जाणार."

"तर वाट द्यायची," नात म्हणाली. "पोर्तुगीजांची मान्य झाली, तेवढी तरी."

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. तोवर गाणं संपून बातम्या लागल्या होत्या.