कमानींची पडवी

मुंबईचा नोकरदार माणूस आजही घरातून निघताना 'फोर्टात चाललोय' असं सांगतो. त्या फोर्टात किल्ला नाही. तट, खंदक, दरवाजे यांतलं काहीच जागेवर नाही. जुन्या तटबंदीचा एखादा तुकडा सेंट जॉर्ज इस्पितळाच्या आवारात शोधावा लागतो. पूर्वी याच भागाला 'कोट' म्हणत आणि उत्तरेकडच्या दाट वस्तीला 'बाहेरकोट'. भिंत पडून दीडशेवर वर्षं झाली, पण आत जाण्याची ती क्रिया आपल्या बोलण्यातून गेलेली नाही. आता आपण आत जातो ते दरवाजातून नव्हे, एका रस्त्यावरून, आणि तो रस्ता त्या तटाच्या पडण्यातूनच मोठा झाला.

दादाभाई नौरोजी रोड क्रॉफर्ड मार्केटपाशी सुरू होतो आणि दक्षिणेला हुतात्मा चौकात संपतो. रमतगमत चाललं तरी अर्ध्या तासाची वाट. आरंभी ती पश्चिमेकडच्या तटाच्या आतल्या अंगाने जाणारी लहानशी गल्ली होती. तिला विल्यम हॉर्नबीचं नाव मिळालं होतं. १७७१ ते १७८४ या काळात तो मुंबईचा गव्हर्नर होता, आणि महालक्ष्मी-वरळीच्या खिंडारातून आत शिरणारा समुद्र बांध घालून अडवण्याचं काम त्याच्याच कारकिर्दीतलं.

१८०३ च्या मोठ्या आगीने कोटातली दाटी किती जीवघेणी आहे हे दाखवून दिलं होतं. तरी तट आणखी साठ वर्षं उभे राहिले. शत्रू केव्हाचाच उरला नव्हता. उरली होती ती साचलेल्या पाण्याची, दुर्गंधीची आणि अरुंद दरवाजांत अडकणाऱ्या गाड्यांची अडचण. १८६२ साली बार्टल फ्रियर गव्हर्नर होऊन आला आणि त्याने तट पाडायला घेतले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या तेजीच्या वर्षांत शहराला स्वतःचा चेहरा नव्याने घडवण्याची उमेद आली. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' १८६३ चं. एका शहरावर मराठी माणसाने लिहिलेलं हे आद्य पुस्तक नेमकं कोट पडायच्या सुमारास यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. जुनी मुंबई नाहीशी होण्याच्या उंबरठ्यावर कोणीतरी ती मराठीत टिपून ठेवत होतं.

तट गेला, हॉर्नबी रो रुंद झाली, तिचा हॉर्नबी रोड झाला. पुढच्या तीसेक वर्षांत दोन्ही बाजूंना इमारती उभ्या राहू लागल्या. मालक निरनिराळे, वास्तुशिल्पकार निरनिराळे, कुठे गॉथिक टोकदार कमान, कुठे ग्रीक खांब, कुठे घुमट. वाच्छा अग्यारीच्या दर्शनी भागावर तर प्राचीन इराणची आठवण कोरलेली. हे सगळं एकमेकांशी भांडलं असतं. भांडलं नाही, कारण १८९६ च्या एका नियमाने सांगितलं की इथे बांधणाऱ्याने तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने पादचाऱ्यांसाठी कमानींची वाट सोडलीच पाहिजे. वरचे मजले मालकाचे. खाली चालणाऱ्याची सावली.

या रस्त्याबद्दल मला जे म्हणायचं आहे ते या एका नियमापाशी येऊन थांबतं. इंग्रजीत त्या वाटेला आर्केड म्हणतात. मराठीत शब्द शोधू गेलं तर मला कोकणातल्या घराची पडवी आठवते. पडवी घराचीच असते. छप्पर घराचं, जमीन घराची. पण पावसात सापडलेला वाटसरू तिथे टेकतो आणि त्याला कोणी 'का आलास' असं विचारत नाही. घराने आपल्या अंगाचा एक भाग अनोळखी माणसासाठी मोकळा ठेवलेला असतो. गावात ही रीत असते, तिला कायदा लागत नाही. शहरात जमिनीचा वीतभर तुकडाही मोलाचा, म्हणून तिथे कायदा लागला. पण परिणाम तोच. जुलैच्या मुसळधार पावसात बोरीबंदराच्या भुयारी मार्गातून वर यावं आणि पश्चिमेच्या बाजूने दक्षिणेकडे निघावं: छत्री मिटलेली, एका कमानीतून दुसऱ्या कमानीत, पायाखालची फरशी कधी शहाबादी, कधी गुळगुळीत, कधी उखडलेली. मालक बदलला की फरशी बदलते, छताची उंची बदलते. सावली मात्र चालू राहते. मुंबईतली बहुतेक उदारता अशीच तुकड्यातुकड्यांनी जोडलेली आहे.

रस्त्याच्या मध्यावर उभं आहे ते बोरीबंदरचं स्टेशन. १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला गेलेली पहिली गाडी इथूनच सुटली. तेव्हा इमारत साधी होती. आजची वास्तू एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची; १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षं ती बांधली गेली. तिच्यावरची पानंफुलं, माकडं, मोर कोरण्यात शेजारच्या कलाशाळेतल्या, म्हणजे आजच्या जे. जे. मधल्या, विद्यार्थ्यांचे हात होते. व्हिक्टोरियाचं नाव १९९६ मध्ये जाऊन शिवाजी महाराजांचं आलं. समोरच्या कोपऱ्यावर महानगरपालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ ची. स्टेशनाच्या, म्हणजे रेल्वे कंपनीच्या मुख्यालयाच्या, प्रवेशद्वाराच्या खांबांवर सिंह आणि वाघ बसले आहेत, इंग्लंड आणि हिंदुस्थान. मान कोणी खाली घातलेली नाही, पण पैशाचा ओघ कोणत्या दिशेला होता हे त्या काळी एक माणूस आकड्यांनी मांडत होता.

तो माणूस म्हणजे दादाभाई. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवणारा प्राध्यापक, १८५५ मध्ये व्यापारासाठी विलायतेला गेला आणि तिथे बसून हिंदुस्थानच्या दारिद्र्याचा हिशेब लिहीत राहिला. रेल्वे कंपन्यांच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. गाडीत माणसं असोत नसोत, व्याज इथल्या रयतेच्या करातून लंडनला जायचं. दादाभाईंच्या संपत्तिहरणाच्या सिद्धान्तात हे व्याजही मोजलेलं आहे. १८९२ मध्ये फिन्सबरीतून ते ब्रिटिश संसदेत निवडून गेले, आणि हाच हिशेब त्या सभागृहात मांडत राहिले. ज्या रेल्वे कंपनीचं मुख्यालय या रस्त्यावर दिमाखात उभं राहिलं, त्या रस्त्याला स्वातंत्र्यानंतर दादाभाईंचं नाव मिळालं. नामांतरं बहुतेक वेळा पाट्यांपुरती असतात. हे नाव मात्र मला त्या रस्त्याला अगदी आतून लागू पडलेलं वाटतं.

जरा नीट पाहिलं तर राष्ट्रीय सभेचे तीन प्रारंभीचे अध्यक्ष या एकाच वाटेवर भेटतात. पालिकेसमोर फिरोजशहा मेहतांचा पुतळा, १८९० चे अध्यक्ष. स्टेशनसमोर अंजुमन-इ-इस्लामची शाळा. ती उभारणाऱ्यांतले बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ चे. आणि दक्षिण टोकाला खुद्द दादाभाई, १८८६ चे. या मालिकेत आणखी एक नाव मी नेहमी जोडतो. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये सुरू केलेलं सिद्धार्थ महाविद्यालय याच रस्त्यावर आलं. बँका, विमा कंपन्या आणि बड्या दुकानांच्या ओळीत दोन इमारतींची नावं बुद्ध भवन आणि आनंद भवन. त्यांची धम्मदीक्षा १९५६ ची. कॉलेजला सिद्धार्थ हे नाव त्याच्या दहा वर्षं आधीचं. कोटाबाहेरच ज्यांना ठेवलं गेलं होतं अशा घरांतली मुलं कोटाच्या ऐन पेठेत, त्याच कमानींखालून, पुस्तकं घेऊन वर्गात जाऊ लागली. मालकाने सोडलेल्या पडवीहून हे निराळं होतं. इथे घरच त्यांचं होतं.

कमानींखाली आज फेरीवाले आहेत: घड्याळं, पट्टे, अत्तरं, मोबाइलची कव्हरं. वाट अरुंद होते, धक्के लागतात, आणि वारसा जपणारी मंडळी हळहळतात. त्यांची हळहळ खरी आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस दुकानदारांना समजावून इथल्या अवाढव्य पाट्या कमानींच्या मापात आणल्या गेल्या, तेव्हा झाकलेले दगड पुन्हा दिसू लागले, हे काम मोलाचंच. पण मला फेरीवाला या जागेला परका वाटत नाही. पडवीत कोणीतरी टेकणारच. चालणाऱ्याला वाट उरावी एवढंच पाहायला हवं.

शेवटच्या कमानीनंतर आकाश एकदम उघडतं. इथे चर्चगेट होता, कोटाचा खराखुरा दरवाजा. तो पाडून १८६४ मध्ये त्या जागी कारंजं बसवलं. म्हणजे दरवाजा गेला आणि पाणी आलं. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात मराठी माणसांच्या मोर्चावर गोळ्या चालल्या. म्हणून आता त्या फ्लोरा कारंज्याच्या शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. इथे डोक्यावर छप्पर नाही. पाऊस असला तर लोक कमानीच्या कडेशी क्षणभर थबकतात, छत्री उघडतात आणि दादाभाईंच्या पुतळ्यावरून पुढे जातात. मीही तिथे दर वेळी थांबतो. मागे वळून पाहिलं की कमानींची ती रांग ओल्या काळोखात उत्तरेकडे जाताना दिसते, आणि तिच्यात कोणीतरी अजून कोरडं चालत येत असतं.