निसर्गातील देवता आणि मनुष्याचे कर्तव्य

काशीतील ब्रह्माघाट हा महाराष्ट्रीयांच्या जुन्या वस्तीचा घाट होय. तेथे प्रातःकाळी सूर्यास अर्घ्य देणाऱ्या भाविकास सूर्य आणि गंगा ही दोन्ही प्रत्यक्ष दैवतेच वाटतात. परंतु हीच गंगा भाद्रपदात घाटाच्या पायऱ्या गिळून गल्ल्यांत शिरते. १९७८ च्या सप्टेंबरात काशी येथे तिची पातळी ७३.९० मीटरांवर गेली. धोक्याची रेषा ७१.२६ मीटरांची आहे. प्रश्न असा की, त्या वेळीही ती देवताच काय? आणि तसे असेल, तर ज्यांची घरे बुडाली त्यांच्यावर देवाचा कोप झाला असे म्हणावयाचे काय?

प्राचीन मानवाने देवास प्रथम निसर्गशक्तींत पाहिले. वैदिक ऋषींनी अग्नी, उषा, पर्जन्य व मरुत् यांना आळविले. ऋग्वेदाच्या नदीसूक्तात नद्यांच्या नामावळीत गंगेचे नाव प्रथम येते. ग्रीकांनाही विजेच्या कडकडाटात झ्यूसचे सामर्थ्य जाणवले. हे केवळ भयाचे फळ म्हणता येत नाही. उषेच्या स्तुतीत भय कोठे आहे? तेथे आहे तो विस्मय आणि कृतज्ञता.

तथापि विचार तेथेच थांबला नाही. केनोपनिषदात अग्नीला गवताची एक काडी जाळता येत नाही, वायूला ती हलविता येत नाही. त्यांचे बळ त्यांचे स्वतःचे नव्हे, हे उमा हैमवती इंद्रास समजाविते. बायबलातील एलियालाही होरेब पर्वतावर वादळ, भूकंप व अग्नी यांत देव आढळला नाही. त्यानंतर आलेल्या मंद स्वरात त्याला देवाची हाक ऐकू आली. शक्ती ही देवाची खूण खरी, पण शक्तीचा प्रत्येक आघात म्हणजे देवाचा निवाडा नव्हे.

गीतेचे तात्पर्यही याहून निराळे नाही. दहाव्या अध्यायात भगवान प्रवाहांमध्ये गंगेस आपली विभूती म्हणतात. पण त्यापूर्वी नवव्या अध्यायात आपण सर्व भूतांच्या ठायी सम असून आपणास द्वेष्य कोणी नाही, असेही सांगतात. पुराचे पाणी देवळात शिरते तसेच नावाड्याच्या झोपडीतही शिरते. त्यावरून कोणाचे पाप मोजू पाहणे म्हणजे समदर्शी ईश्वरावर आपला द्वेष लादणेच होय. शिवाय अशा विचाराने साह्याचा हात आखडतो, हा त्याचा मोठा दोष.

मग गंगेला देवता मानण्याचे फळ कोणते? तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्र त्याचे उत्तर देते. देवांनी दिलेले भोगून त्यांना काहीच परत न देणारा चोर ठरतो. गंगेचे जल घेऊन तिच्यात मलिनता सोडणारा अर्घ्य देत असला, तरी या दोषातून सुटत नाही. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवरील गाळ उपसणारा, बेघरास ओसरी देणारा मनुष्य मात्र त्या विभूतीची खरी पूजा करतो. निसर्गात देव पाहणाऱ्याची दृष्टी त्या निसर्गाने पीडलेल्या माणसापाशी येऊन अडली, तर ते दर्शन अपुरेच राहिले असे समजावे.