खरे ऐकू न शकणारा राजा



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात गप्पा रंगतात. पाऊसपाणी, मुलांच्या परीक्षा, लग्नाच्या तारखा आणि मग हमखास राजकारण. अशाच गप्पांत एक वडीलधारे बंधू आम्हांला म्हणाले, "फादर, नेता तापट असो की अहंकारी, आपल्याला काय त्याचे? तो त्याच्या घरच्यांचा प्रश्न. देश सांभाळायला माणूस कडक हवा, एवढेच." आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. आम्हीही हसून विषय बदलला. पण तो प्रश्न आठवडाभर मनातून जाईना. नेत्याचा स्वभाव ही खरोखरच त्याची खासगी बाब असते का?

उत्तर शोधताना इतिहासातला एक रविवार आठवतो. २२ जून १९४१. त्या पहाटे हिटलरच्या तीस लाखांहून अधिक सैन्याने सोव्हिएत रशियावर हल्ला चढवला. पहिल्याच दिवशी रशियाची सुमारे १,२०० विमाने नष्ट झाली. त्यांतली बरीचशी तर जमिनीवरून उडालीही नव्हती. सहा दिवसांत मिन्स्क शहर पडले. देश गाफील सापडला.

पण हा हल्ला खरोखर अनपेक्षित होता का? एप्रिलमध्येच ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी स्टॅलिनला सावध केले होते. टोकियोत राहून रशियासाठी हेरगिरी करणारा रिशार्ड सोर्ग हल्ल्याच्या सूचना पाठवत होता. हल्ल्याच्या पाचच दिवस आधी सुरक्षा खात्याचे प्रमुख मेर्कुलोव्ह यांनी जर्मन हवाई दलाच्या मुख्यालयातील खबऱ्याची माहिती स्टॅलिनपुढे ठेवली. स्टॅलिनने त्या अहवालावरच शिवी खरडली आणि खबऱ्याला खोटारडा ठरवले.

स्टॅलिन मूर्ख नव्हता. ब्रिटन आपल्याला युद्धात ओढू पाहत आहे, हा त्याचा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही. चूक कोणाचीही होते. मात्र, "साहेब, आपण चुकत आहात," असे ठामपणे सांगणारा माणूस त्याच्याजवळ उरला नव्हता, आणि ही स्थिती त्याने स्वतःच आणली होती. १९३७ आणि १९३८ मध्ये त्याने आपल्याच सैन्याची छाटणी केली. देशाच्या पाच मार्शलांपैकी तिघांचा बळी गेला. तुखाचेव्हस्कीसारख्या बुद्धिमान सेनानीला जून १९३७ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. हजारो अधिकारी तुरुंगात गेले किंवा मारले गेले. लष्करी गुप्तचर खात्याचे स्पष्टवक्ते प्रमुख प्रोस्कुरोव्ह यांना १९४० मध्ये दूर केले गेले आणि पुढल्या वर्षी त्यांनाही ठार मारण्यात आले. त्यांच्या जागी आलेल्या गोलिकोव्ह यांनी मार्च १९४१ च्या अहवालात हल्ल्याचे पुरावे दिले खरे, पण शेवटी निष्कर्ष काढला तो साहेबांना रुचेल असाच. जीव कोणाला प्यारा नसतो?

भाविकहो, शत्रूने रशियाचे डोळे बांधले नव्हते. ते काम एका माणसाच्या संशयी आणि सूडबुद्धीच्या स्वभावाने केले होते. आक्रमणाचे पाप हिटलरचेच आहे, त्यात शंका नाही. पण पहिल्या महिन्यांत जे लक्षावधी शेतकऱ्यांचे, कामगारांचे मुलगे मेले किंवा कैद झाले, त्यांच्यापैकी कितीतरी जण ह्या आंधळेपणाचीही किंमत मोजत होते. स्टॅलिनचा स्वभाव त्याच्या घरापुरता राहिला नाही. तो प्रत्येक आईच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचला.

सेमिनरीत असताना आम्ही प्लेटोचा 'रिपब्लिक' हा ग्रंथ अभ्यासला. जुलमी राज्यकर्त्याविषयी प्लेटो एक मार्मिक गोष्ट सांगतो. वैद्य शरीरातले वाईट ते काढून टाकतो आणि चांगले ते ठेवतो. जुलमी माणूस नेमके उलटे करतो. शूर, शहाणे आणि मोठ्या मनाचे लोक त्याला भीतिदायक वाटतात, म्हणून तो त्यांनाच वेचून काढतो. मागे उरतात ते हुजरे. तेव्हा परीक्षेसाठी आम्ही हे पाठ केले होते. १९४१ चा इतिहास वाचल्यावर त्याचा अर्थ कळला.

पवित्र शास्त्राला हा धोका जुनाच ठाऊक आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकात रहबाम राजाची कथा आहे. लोक त्याच्याकडे ओझे हलके करण्याची विनंती घेऊन येतात. त्याच्या वडिलांच्या काळातील वृद्ध सल्लागार त्याला नरमाईने वागायला सांगतात. रहबाम मात्र बरोबर वाढलेल्या तरुण मित्रांचे ऐकतो आणि कठोरपणाचा आव आणतो. परिणाम काय झाला? इस्राएलचे राज्य दुभंगले. बाहेरून कोणी आक्रमण केलेच नव्हते. याउलट दावीद राजाच्या हातून व्यभिचार आणि हत्या अशी घोर पापे घडली, पण नाथान संदेष्ट्याने तोंडावर दोष दाखवला तेव्हा त्याने नाथानाला मारले नाही. त्याने मान खाली घातली.

अलीकडचे उदाहरण पाहा. एप्रिल १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी क्यूबावरील एका फसलेल्या मोहिमेला संमती दिली होती. त्यांनी अपयशाची जबाबदारी जाहीरपणे स्वीकारली आणि सल्ला घेण्याची पद्धत बदलली. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबात रशियाची अण्वस्त्रे सापडली, तेव्हा सल्लागारांना मोकळेपणाने बोलता यावे म्हणून ते काही बैठकांपासून मुद्दाम दूर राहिले. सेनाधिकारी हल्ल्याचा आग्रह धरत होते. केनेडींनी सागरी नाकेबंदीचा आणि वाटाघाटींचा मार्ग धरला. पोप जॉन तेविसावे यांनीही २५ ऑक्टोबरला रेडिओवरून शांततेसाठी आवाहन केले. पलीकडे ख्रुश्चेव्ह यांनीही माघार घेण्याचे शहाणपण दाखवले. जग वाचले. केनेडी संत नव्हते. पण 'नाही' ऐकण्याची ताकद त्यांनी कमावली होती.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक ह्या सद्गुणाची जी अंगे सांगितली, त्यांत 'शिकण्याची तयारी' हे एक आहे. कोणीही माणूस सर्व बाजू एकट्याने पाहू शकत नाही, म्हणून अनुभवी माणसांचे ऐकावे, असे ते म्हणतात. ऐकणे हा दुबळेपणा नव्हे. ज्याला आपल्या मोठेपणाची खात्री नसते, त्यालाच टीकेची भीती वाटते. आपण मात्र पुष्कळदा ह्या भीतीलाच कणखरपणा समजतो.

येथे कोणी विचारील, "फादर, दुसऱ्याला दोषी ठरवू नका, अशी प्रभूचीच शिकवण आहे ना?" होय. कोणाच्या अंतःकरणाचा निवाडा आपण करू नये. दुरून कोणावर मानसिक रोगाचा शिक्काही मारू नये. तो डॉक्टरांचा प्रांत आहे, आणि तपासल्यावाचून तेही निदान करत नाहीत. पण वागणूक तर सर्वांसमोर असते. बोटीत बसण्यापूर्वी तांडेलाचे मन आपण वाचत नाही, परंतु वादळाचा इशारा तो ऐकतो की नाही, हे जरूर पाहतो. नेत्याबद्दलही एवढेच पाहावे. त्याने चूक कधी कबूल केली आहे का? त्याच्याशी मतभेद झालेली माणसे त्याच्याजवळ टिकतात का? टीका करणारा त्याला देशाचा शत्रू वाटतो का? अपयशाचे खापर तो नेहमी दुसऱ्याच्याच माथी फोडतो का? मत देण्यापूर्वी हे प्रश्न विचारणे म्हणजे निंदा नव्हे, ते नागरिकाचे कर्तव्य आहे.

आणि एक प्रश्न स्वतःलाही. असे नेते आभाळातून पडत नाहीत. टाळ्या वाजवणारे आपणच असतो. घरात सुनेने वेगळे मत मांडले की आपला आवाज चढतो. संस्थेच्या सभेत हिशेब विचारणारा सभासद नकोसा वाटतो. आम्ही धर्मगुरूही त्याला अपवाद नाही. पॅरिश कौन्सिलमध्ये मान डोलावणारा आम्हांला लवकर आवडतो आणि शंका काढणारा कटकट्या वाटतो. ह्या छोट्या सवयींतूनच मोठ्या हुजरेगिरीला माती मिळते.

त्या वडीलधाऱ्या बंधूंना आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. आज देतो. देशाला खंबीर नेता हवा, हे तुमचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. पण जो खरे ऐकू शकत नाही, तो खंबीर नसतो. आणि त्या दिवशी आम्ही विषय बदलला, तोही एका अर्थी हुजरेपणाच झाला. त्याबद्दल क्षमा असावी. पुढच्या रविवारी आवारात भेटू. आमचे म्हणणे पटले नसेल, तर तोंडावर सांगा. आम्ही ऐकू.

तुमचे धर्मगुरू