बेण्याची पाकळी

शास्त्रभाग : गणना ११:४-६, योहान १२:२४



पवित्र शास्त्रात लसणीचे नाव एकदाच आले आहे, आणि तेही कुरकुरीच्या तोंडी. इस्राएल लोक मिसर देशाच्या दास्यातून सुटून रानात आले. तेथे रोजचा मान्ना खाऊन ते कंटाळले, आणि मिसरातील मासे, काकड्या, कांदे व लसूण आठवून रडू लागले. विटा थापताना पाठीवर बसलेले फटके त्यांस आठवले नाहीत. जिभेची चव मात्र आठवली. ह्या वृत्तांतात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लसूण आम्ही खात होतो, असे ते म्हणाले. लसूण आम्ही लावीत होतो, असे त्या दिवशी कोणी म्हटले नाही. खाणाऱ्याची आठवण ताटापुरती असते. लावणाऱ्यास पुढील हंगामाचा विचार करावा लागतो. म्हणून आज आपण लसणीकडे लावणाऱ्याच्या नजरेने पाहू.

ह्यासाठी आपणांस थोडा वेळ आपला मुलूख सोडून बर्फाच्या देशात जावे लागेल. १८१३ साली गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोन मिशनरी मुंबईस उतरले. ते अमेरिकेच्या ज्या ईशान्य भागातून आले, त्यास न्यू इंग्लंड म्हणतात. तेथे उत्तरेस व्हरमाँट व मेन ही राज्ये आहेत. हिवाळ्यात तेथील पारा शून्याच्या खाली २० अंश आणि कधी त्याहूनही खाली उतरतो. जमीन दगडासारखी गोठते, आणि तीवर कित्येक आठवडे बर्फ पडून राहते. तथापि त्याच जमिनीत लोक लसूण लावतात. आणि नवल हे की, थंडी संपल्यावर नव्हे, तर थंडी सुरू होण्यापूर्वीच लावतात.

तेथील शेतकरी प्रथम वाण पाहतो. लसणीचे मुख्य प्रकार दोन आहेत. दुकानात बहुधा मिळते ती मऊ मानेची लसूण. तिच्या गड्ड्यात पाकळ्या पुष्कळ असतात व ती टिकतेही अधिक दिवस. परंतु तिला सौम्य हिवाळा अधिक मानवतो. दुसरी ताठ दांड्याची. तिच्या मधोमध कडक दांडा असतो व त्याभोवती चारपासून दहापर्यंत जाड पाकळ्या बसलेल्या असतात. ही साठवणीत फार महिने राहत नाही, परंतु कडाक्याच्या थंडीत तग धरते. म्हणून बाजारातील सुबक गड्डा पाहून शहाणा शेतकरी भुलत नाही. आपल्या जमिनीस व आपल्या हवेस काय मानवेल ते तो पाहतो. आपल्या देशातही हाच नियम आहे. उत्तरेकडील डोंगराळ भागांसाठी काढलेला ॲग्रीफाउंड पार्वती हा वाण लांब दिवसांचा आहे. तो दख्खनच्या पठारावर आणून लावला, तर पात वाढते पण गड्डा नीट भरत नाही. इकडे राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा गोदावरी किंवा राजगुरुनगरच्या संशोधन केंद्राचा भीमा पर्पल असे वाण लावतात.

वाण ठरल्यावर तो बेण्याची परीक्षा करतो. २०१० साली न्यूयॉर्क राज्यातील लसणीच्या पिकात एका सूक्ष्म सूत्रकृमीने मोठी हानी केली. हा कृमी पाकळीच्या आत राहतो. वरून धडधाकट दिसणाऱ्या बेण्याबरोबरच तो एका शेतातून दुसऱ्या शेतात जातो, आणि पीक पिवळे पडू लागते तेव्हाच त्याची ओळख पटते. म्हणून जाणते लोक बेणे ओळखीच्या व निरोगी शेतातूनच घेतात, आणि ज्या वाफ्यात एकदा लसूण झाली, त्यात तीन-चार वर्षे पुन्हा लसूण किंवा कांदा लावीत नाहीत.

आता खरी कसोटीची वेळ येते. लावणीच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी गड्डे फोडून पाकळ्या सुट्या करतात. साल काढीत नाहीत, कारण तेच पाकळीचे वस्त्र होय. मग दोन ढीग पडतात. मोठ्या, भरलेल्या, न दुखावलेल्या पाकळ्या एकीकडे. बारीक, चेपलेल्या, साल निघालेल्या दुसरीकडे. स्वयंपाकघराची इच्छा कोणत्या ढिगाकडे जाईल हे सांगावयास नको. मोठी पाकळी सोलावयास सोपी. बारीक पाकळ्या सोलता सोलता नखे दुखतात. परंतु लहान पाकळीस बहुधा लहानच गड्डा येतो. म्हणून जो मोठ्या पाकळ्या खातो व बारीक लावतो, त्याचे पीक वर्षानुवर्षे खुजे होत जाते, आणि दोष मात्र तो जमिनीस देतो. हिशेबही पाहा. एका गड्ड्यात पाच पाकळ्या धरल्या, तर पुढील वर्षी शंभर गड्डे हवे असणाऱ्याने ह्या वर्षीच्या शंभरांतील वीस गड्डे ठेवावे लागतात. हा दशांश नव्हे, पंचमांश होय. आणि तोही उरलासुरला नव्हे, तर उत्तम माल निवडून मातीत पुरावयाचा.

बंधुजनहो, आता आपल्या घराकडे वळू या. सुगीच्या उपकारस्तुतीस आपण धान्य आणतो, तेव्हा कोणत्या कणगीतले आणतो? मलाखी संदेष्ट्याच्या काळी लोक लंगडी व आजारी जनावरे वेदीपाशी आणीत असत. त्यांस हसण्यापूर्वी आपण आपल्या सुपात पाहावे. धान्याची गोष्ट राहू द्या, मुलांची पाहू. जो मुलगा हुशार, त्याने नोकरीस जावे. आणि ज्याचे शाळेत व शेतात काही चालत नाही, तो प्रभूच्या सेवेस बरा, असे आपल्यापैकी किती घरांत बोलले जाते! मी उपदेशकांसही हेच विचारतो, आणि प्रथम स्वतःस विचारतो. दिवसाचा ताजा वेळ आपल्या कामांत घालवून, डोळे मिटू लागल्यावर शास्त्र उघडणे, आणि थकलेल्या जिभेने आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करणे, हे बारीक पाकळी लावणे नव्हे काय? असे माझ्या हातून पुष्कळ वेळा झाले आहे. पीक खुजे आले, तेव्हा मीही जमिनीसच बोल लावला.

आता लावणी पाहू. जमीन गोठण्यास चार-सहा आठवडे राहिले, म्हणजे बहुधा ऑक्टोबर महिन्यात, पाकळी बूड खाली व शेंडा वर अशी धरून दोन-तीन इंच खोल लावतात. दोन पाकळ्यांमध्ये सुमारे सहा इंचांचे अंतर ठेवतात. पाणी साचणारी जागा टाळतात, कारण तेथे पाकळी कुजते. मग वाफ्यावर चार-सहा इंच जाड पेंढा पसरतात. हा पेंढा थंडी अगदी नाहीशी करण्यासाठी नसतो. जमीन वारंवार गोठली व वितळली, तर ती फुगते आणि पाकळीस मुळांसकट वर फेकते. पेंढ्याखाली जमिनीची स्थिती एकसारखी राहते व पाकळी आपली जागा सोडीत नाही. पुढे कित्येक आठवडे दिसण्यासारखे काहीच घडत नाही. गोठण्यापूर्वी पाकळीने खाली मुळे धरलेली असतात, परंतु ती कोणास दिसत नाहीत. अशा वेळी उकरून पाहणारा शेतकरी आपल्याच पिकाचा वैरी होय.

येथे सर्वांत मोठी गोष्ट सांगावयाची आहे. ही थंडी लसणीवर आलेले केवळ संकट नाही. लसणीस काही आठवडे थंडी लागली नाही, तर पुष्कळ वेळा तिचा गड्डा पाकळ्यांत विभागतच नाही. मातीखाली एकच वाटोळी गाठ तयार होते. ती खाता येते. परंतु एकाची एकच राहते. थंडीतून गेलेली पाकळी मात्र उन्हाळ्यात विभागते, आणि एकीच्या पाच किंवा आठ होतात. जी विभागली, तीच वाटता येते. आणि गड्डा उपटून पाहिला, तर आपण लावलेली ती मोठी पाकळी कोठेच नसते. तिने आपले सर्व सत्त्व कोंबास दिलेले असते. गव्हाच्या दाण्याविषयी प्रभूने जे सांगितले, ते तो क्रूसाकडे जात असता सांगितले, हे आपण विसरू नये. त्याने स्वतःहून उत्तम बेणे मातीत दिले, आणि आपण सर्व त्याच एका पाकळीचे पीक आहो.

तथापि कोणी दुःखात असता त्याच्या दाराशी उभे राहून, थंडी तुझ्या बऱ्यासाठीच आहे, असे सहज म्हणू नये. सर्वच पाकळ्या हिवाळ्यातून निघत नाहीत. काही कुजतात, हे शेतकरी जाणतो. म्हणून तो थंडीची स्तुती गात बसत नाही, तर पेंढा आणून पसरतो. ज्या कुटुंबाने नुकताच बाप्तिस्मा घेतला आहे व ज्याच्या घरी जुने सोयरे येईनासे झाले आहेत, त्याचा हा हिवाळा होय. ज्या विधवेच्या घरात सुगीनंतरही कणगी रिकामी आहे, तिचा हा हिवाळा होय. अशा वेळी मंडळी म्हणजे पेंढा. पेंढ्यास मोल नाही, रूप नाही. परंतु तो जवळ असतो, आणि बर्फ वितळेपर्यंत हलत नाही. रविवारी विचारपूस करून सोमवारी विसरणे, म्हणजे वाफ्यावरचा पेंढा वाऱ्यावर सोडणे होय.

वसंतऋतूत कोंब पेंढ्यातून वर येतात. जून महिन्यात मधला दांडा वळसे घेत निघतो. तो शेतकरी कापून टाकतो, म्हणजे झाडाचा जोर फुलोऱ्यात न जाता गड्ड्यात उतरतो. जुलैच्या सुमारास खालची पाने सुकली की गड्डे काढून सावलीत, वाऱ्यावर वाळवितात. आणि मग त्या शेतकऱ्यापुढे गेल्या वर्षीचाच प्रश्न पुन्हा येतो : ह्यांतील कोणते खावयाचे, आणि कोणते मातीस द्यावयाचे? भरपूर पीक आले म्हणून हा प्रश्न सुटत नाही. उलट तेव्हाच तो अधिक कठीण होतो, कारण मोठ्या पाकळ्या समोर दिसत असतात.

आपल्याकडेही लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात. तेव्हा ह्या हंगामी आपण अंगणात गड्डे फोडावयास बसाल, त्या वेळी मुलांस जवळ बोलवा, आणि दोन ढीग त्यांच्याच हातांनी करवून घ्या. मोठी पाकळी बेण्याची का, असे ते विचारतील, तेव्हा त्यांस ही गोष्ट सांगा. नंतर मनात एकदा स्वतःसही विचारा, की माझ्या आयुष्यातील कोणता ढीग मी देवासाठी राखला आहे.

हे प्रभो, तू आपल्यातील उत्तम ते आमच्यासाठी मातीत दिलेस. आम्ही चांगले ते राखून हलके ते तुला दिले, ह्याची आम्हांस क्षमा कर. आमचे हात उघड. आणि जे आज थंडीत आहेत, त्यांच्यावर पसरावयास आम्हांस पेंढा कर. आमेन.