पकडीचा पल्ला

फायटिंग गेममध्ये ठोसा दिसतो, लाथ दिसते, हातातून सुटलेला आगीचा गोळाही दिसतो. पकडीचा पल्ला तेवढा दिसत नाही. गेमने प्रत्येक पात्राभोवती अदृश्य चौकटी आखलेल्या असतात. अंगाच्या चौकटीमुळे दोघे एकमेकांच्या आरपार जात नाहीत. मार कुठे बसेल हे दुसरीवरून ठरतं, पकड कुठे लागेल हे तिसरीवरून. आपल्या पकडीची चौकट समोरच्याच्या या तिसऱ्या चौकटीला भिडली, तो जमिनीवर असला आणि नुकत्याच अडवलेल्या फटक्यातून सावरत नसला, की तो उचलला गेलाच. अंतर एका पिक्सेलनं चुकलं तर काहीच होत नाही.

'कॅपकॉम'च्या १९९१ सालच्या 'स्ट्रीट फायटर टू'चा पडदा ३८४ पिक्सेल रुंद. त्यावर सोव्हिएत पैलवान झँगिफ आणि भारतीय योगी धालसिम समोरासमोर येतात, तेव्हा पल्ला म्हणजे काय ते उमगतं. धालसिमचे हातपाय रबरासारखे लांबतात. झँगिफला लांबून मारण्यासारखं फारसं काही दिलेलंच नाही. त्याच्याकडे आहे ती स्टिक गोल फिरवून ठोशाचं बटण दाबल्यावर लागणारी 'स्पिनिंग पाइलड्रायव्हर'. ती साध्या पकडीहून लांबून लागते आणि प्राणशक्तीचा मोठा लचका तोडते. लढत नीट पाहावी: बराच वेळ पकड लागतच नाही, तरी धालसिमचं प्रत्येक पाऊल त्या पकडीच्या धाकानं पडत असतं. झँगिफ अर्धं पाऊल पुढे आला की तो हात लांबवून त्याला थोपवतो, थोपला नाही तर उडी मारून निसटतो. न लागलेली पकडच इथे सगळा खेळ चालवते.

जपानी केंदोमध्ये याच अंतराचा कसून विचार झाला आहे. 'इस्सोकु इत्तो नो माआइ' म्हणजे एक पाऊल पुढे टाकलं की वार बसेल आणि एक पाऊल मागे घेतलं की वार चुकेल, असं अंतर. तलवार तिथेही नंतर येते, आधी अंतराची झुंज होते. मानवशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ साली माणसामाणसांतल्या अंतरांची वर्गवारी मांडली. त्यातलं सर्वात आतलं वर्तुळ सुमारे दीड फुटाचं, जिवलगांचं आणि झटापटीचं. त्या वर्तुळात ढाल निरुपयोगी असते, आणि गेमनं हे अचूक ओळखलं आहे. स्टिक मागे धरली की ठोसे अडवता येतात, पण पकड अडत नाही. ती नसती तर बचाव करणारा वेळ संपेपर्यंत कोपऱ्यात निर्धास्त बसून राहिला असता.

'स्ट्रीट फायटर टू'मधली एक गोष्ट मला कायम खटकते. तिथे पकडीचं आणि ठोशाचं बटण एकच. अंतर कमी पडलं तर ठोसा निघायचा आणि हुकलेली पकड झाकली जायची. त्याच मालिकेतल्या १९९९च्या 'थर्ड स्ट्राइक'नं पकडीला दोन बटणं एकत्र दाबायला लावली. आता हुकलेला हात रिकाम्या हवेत मिटतो आणि तोवर अंग उघडं पडतं. मला हे अधिक न्यायाचं वाटतं. दुसऱ्याच्या इतक्या जवळ जाण्याचा धोका पकडणाऱ्यानंही पत्करायलाच हवा.

त्याच गेममध्ये खेळाडूंनी पल्ला ताणण्याची युक्ती शोधली, 'कारा थ्रो'. त्यातल्या केन या पात्राची एक लाथ सुरू होतानाच त्याला किंचित पुढे सरकवते. एका सेकंदाच्या साठ फ्रेम. लाथेच्या पहिल्या एक-दोन फ्रेममध्येच पकडीची बटणं दाबली की लाथ रद्द होते, पण सरकलेलं अंग सरकलेलंच राहतं. पकड तिथून लागते. पडद्यावर लाथेचा मागमूसही नसतो. समोरच्यानं शेकडो लढतींत अंगात मुरवलेलं सुरक्षित अंतर एवढ्यानं खोटं ठरतं, आणि हे ठाऊक असलेला खेळाडू केनपुढे थोडा लांबच उभा राहतो. मधली ती वाढीव जागा केनला एकही बटण न दाबता मिळते.