विद्यार्थ्याचें ताट

विद्या आणि दारिद्र्य यांचें सख्य आपल्या समाजांत इतकें जुनें आहे कीं, त्याविषयीं आपणांस खेद वाटण्याऐवजीं अभिमानच वाटतो. माधुकरी मागून अगर वार लावून शिकलेल्या पुरुषांच्या कथा आपण मुलांस आवडीनें सांगतों. आणि त्याच वाटेनें निघून मध्येंच खंगून गेलेल्यांच्या कथा सांगावयास कोणी उरला नाहीं, हें सोईस्करपणें विसरतों. अर्धपोटीं शिकणें हा गुण आहे कीं नुसती आपत्ति आहे? थोडक्या पैशांत पौष्टिक अन्न कसें खावें, हें गरीब विद्यार्थ्यास शिकविण्याचा अधिकार पोटभर जेवणाऱ्यास कितपत आहे? हे प्रश्न वरवर पाहतां स्वयंपाकघरांतले दिसले, तरी वस्तुतः ते नीतिशास्त्राचे आहेत, असें एका लहानशा प्रसंगानें आम्हांस पटवून दिलें.

गेल्या पावसाळ्यांत दुपारच्या तासाला आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी घेरी येऊन बाकावरच कलंडला. मुलगा कोकणांतला, बुद्धीनें तरतरीत, अंधेरीस पूर्वेकडे एका खोलींत आणखी चौघांसह राहणारा. चौकशी करतां कळलें कीं, सकाळीं चहा व बिस्किटें, दुपारीं वडापाव, रात्रीं पैसे असल्यास राइसप्लेट आणि नसल्यास पुन्हां चहा, असा त्याचा आहार महिनोन्‌महिने चालला होता. आम्हीं त्यास जवळ बसवून घेतलें आणि मूग, नाचणी, शेंगदाणे, पालेभाज्या यांचें माहात्म्य चांगलें अर्धा तास कथन केलें. मुलानें तें आदरानें ऐकून घेतलें व शेवटीं इतकेंच म्हटलें, “सर, हें आईही सांगते. पण घरमालकानें खोलींत शेगडी पेटवायला मनाई केली आहे.” आम्हांस पुढें बोलवेना.

आमचा उपदेश चुकीचा होता असें नव्हे. तांदुळांत लायसीन नांवाचें द्रव्य कमी असतें, तें डाळींत विपुल. डाळींत मिथिओनीन कमी, तें तांदुळांत पुरेसें. म्हणून साधा वरणभात हा दोन अपुऱ्या वस्तूंचा पुरा संसार आहे. शेंगदाण्यांचा सुमारें चतुर्थांश भाग प्रथिनांचा असतो. शंभर ग्रॅम नाचणींत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम सांपडतें. पालेभाजींतलें व कडधान्यांतलें लोह लिंबाच्या चार थेंबांनीं शरीरास अधिक लागतें, आणि जेवणाबरोबर घेतलेल्या चहानें कमी लागतें. मत्स्याहार चालत असेल त्यास वेसाव्याच्या कोळणीकडचा सुका जवळाही थोडक्यांत पुष्कळ देणारा. सारांश, सकस अन्न महागच असलें पाहिजे ही समजूत खोटी आहे. परंतु या यादींतील बहुतेक जिनसांस एक गोष्ट समान आहे: त्या शिजवाव्या लागतात. त्यांस चूल पाहिजे, भांडें पाहिजे, पाणी पाहिजे, आणि लोकलच्या गर्दींतून परतल्यावर हातांत तासभर वेळ पाहिजे. वडापावास यांतलें कांहींच लागत नाहीं. दारिद्र्य केवळ पैशाचें नसतें. तें चुलीचें असतें, जागेचें असतें, वेळेचेंही असतें. ज्याला आपण मुलाची जिव्हालोलुपता म्हणतों, ती पुष्कळदां त्याच्या जागेच्या करारांतील एक ओळ असते!

मनुष्य किती थोडक्यांत जगूं शकतो याचा हिशेब मोठमोठ्यांनीं मांडलेला आहे. ज्यांनीं आपलें वार्धक्य याच अंधेरीच्या वेसाव्यास घालविलें, त्या दादाभाई नवरोजींनीं १८७६ सालीं हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर वाचलेल्या निबंधांत देशाचें उत्पन्न माणशीं सालीना २० रुपये धरून त्याची तुलना तुरुंगांतील कैद्याच्या अन्नवस्त्राच्या खर्चाशीं केली, आणि गुन्हेगारास मिळतें तेवढेंही निरपराध रयतेच्या वांट्यास येत नाहीं असें दाखविलें. इंग्लंडांत सीबोम राउंट्री यांनीं १९०१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत यॉर्क शहरांतील कुटुंबांसाठीं स्वस्तांत स्वस्त पुरेशा आहाराचा हिशेब केला. आणि एवढ्यावरच राहणाऱ्या कुटुंबास वर्तमानपत्र घेतां येणार नाहीं, आगगाडीचें भाडें देतां येणार नाहीं, दूरच्या मुलास पत्र धाडण्यापुरतें तिकीटही परवडणार नाहीं, हें त्यांनीं स्वतःच बजावून सांगितलें. या दोघांचें गणित भुकेल्यास शिस्त लावण्यासाठीं नव्हतें. जे तृप्त होते त्यांस जाब विचारण्यासाठीं होतें. हिशेब तोच, पण तो कोणापुढें मांडला यावर त्याची नीति ठरते. आम्हीं तो चुकीच्या माणसापुढें मांडला होता.

काटकसर हा सद्गुण केव्हां होतो, याचीं दोन उदाहरणें आपणांस लंडन शहरांतच सांपडतात. गांधीजी १८८८ ते १८९१ या काळांत तेथें बॅरिस्टरीचा अभ्यास करीत असतां, भावावरील भार हलका व्हावा म्हणून सकाळीं ओटची लापशी व कोको, रात्रीं पाव व कोको असा क्रम ठेवून अन्नाचा खर्च दिवसास एक शिलिंग तीन पेन्सांवर त्यांनीं आणला. आणि त्यानें आपणांस आनंदच झाला असें आत्मचरित्रांत नमूद केलें. पुढें १९२० सालीं डॉ. आंबेडकर त्याच शहरीं अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठीं परतले, ते सिडनहॅम महाविद्यालयांतील पगारांतून शिल्लक टाकून व शाहू महाराज आणि नवल भथेना यांचें साहाय्य घेऊन. दिवसभर ग्रंथालयांत बसावें आणि रात्रीं भूक असह्य झाली म्हणजे पापड भाजून ती भागवावी, असे त्यांचे दिवस गेले. दोघांचेंही ताट रिकामेंच होतें. परंतु एकानें तें आपण होऊन आंखूड केलें होतें, दुसऱ्यापुढें तें आंखूडच आलें होतें. पहिल्यास आपण संयम म्हणूं. दुसऱ्यास संयम म्हणणें हें सोसणाऱ्याचें कौतुक करून सोसावयास लावणारास मोकळें सोडण्यासारखें आहे. सद्गुणास निवड लागते. जेथें निवड नाहीं, तेथें धैर्य असूं शकतें, निर्धार असूं शकतो, पण त्या उपासाचें पुण्य आपल्या समाजाच्या खातीं जमा होत नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं, असें बोलून तुम्ही तरुणांस निमित्त पुरवीत आहां. मोबाइलचे पैसे भरणाऱ्या मुलास मूठभर चणे भिजवितां येऊं नयेत काय? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. जेवढी निवड हातांत आहे तेवढें कर्तव्यही आहे, आणि शरीर हें विद्यार्थ्यास मिळालेलें असें भांडवल आहे कीं, तें एकदां मोडलें म्हणजे पदवीच्या कागदानें भरून येत नाहीं. चुलीवांचूनही मोड आलेले मूग, गूळ-शेंगदाणे, फुटाणे, केळें, हंगामांतला पेरू, पेलाभर दूध यांची जोड वडापावास देतां येते; आणि ती देणें हें त्या मुलाचें स्वतःविषयींचें ऋण आहे. तें आम्ही त्यास आजही सांगूं. परंतु मोबाइलचें उदाहरण देतांना हेंही ध्यानांत असावें कीं, आज महाविद्यालयाच्या सूचना आणि घरचा आवाज त्याच यंत्रांतून येतात. राउंट्रींच्या कुटुंबाचें टपाल-तिकीट तें हेंच.

मग उपाय कोणता? एकट्या मुलाच्या खिशांत तो सांपडावयाचा नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडलें, तेथें निरनिराळ्या जातींचीं मुलें एका चुलीवर रांधून एका पंक्तीला बसत; आणि त्यांच्या अन्नासाठीं लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने मोडले. भाकरी साधीच होती. पण ती सामाईक होती. पांच जणांची डाळ एका पातेल्यांत शिजली म्हणजे इंधन वांचतें, वेळ वांचतो, आणि जो कधीं आजारी पडतो त्यासही वाढलें जातें. सरकारनेंही या दिशेनें पावलें टाकलीं आहेत: १९९५ च्या सुमारास एक रुपयांत झुणका-भाकर, आणि २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी. परंतु सरकारी थाळी दुपारची एक वेळ भागवील. रोजची चूल ती नव्हे.

ती चूल कोणाच्या हातीं आहे? अंधेरी, बोरीवली, घाटकोपर, मुलुंड येथें ज्यांचीं एक-दोन जागा भाड्यानें देण्याइतकीं बरीं दिवसें आलीं आहेत, त्या आपल्यासारख्या मध्यमवर्गीय कुटुंबांच्या हातीं. भिंती काळ्या होतील म्हणून कोणी शेगडी नको म्हणतो. वास येतो म्हणून कोणी अंडें आणि बोंबील नको म्हणतो. प्रत्येक मनाई एकेकटी पाहिली तर क्षुल्लक वाटते. त्या सर्वांची बेरीज वर्गांतल्या बाकावर कलंडते.

येथें एक गोष्ट कबूल करणें प्राप्त आहे. त्या दिवशीं घरीं गेल्यावर आम्हीं मुलुंड येथील आमच्या लहानशा जागेचा करार काढून पाहिला. तेथें तीन विद्यार्थी राहतात. सहाव्या कलमांत, आमच्याच सहीच्या वरती, तीच ओळ होती: जागेंत स्वयंपाक करतां येणार नाहीं. ती घालतांना आमच्या मनांत वाईट हेतु नव्हता. मनांत कांहींच नव्हतें, आणि दोष तो हाच. नवा रंग द्यावा लागेल, अशी शंका घरांत निघाली; ती रास्त होती. तरी ती ओळ आम्हीं खोडली, आणि एक शेगडी व एक कुकर तेथें पोंचता केला. पुढच्या वर्षीं रंगाचा खर्च येईल. तो कोणत्या खातीं मांडावा, हें ठरविण्यास आम्हांस फारसा विचार करावा लागणार नाहीं.