पुरावा

मंगळवारी-शुक्रवारी उचगावात मळेकरणी देवीला येणाऱ्यांची गर्दी असते. त्या वाटेवरच्या घरांना आपलं दार बरं दिसावं असं वाटतंच. दिवाळीच्या तोंडावर असंच एका काकांनी आपलं लोखंडी फाटक आकाशी ऑइलपेंटने रंगवून घेतलं. ब्रशने रंगवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण रंगाऱ्याकडे कॉम्प्रेसर होता आणि त्याला काम दुपारपर्यंत उरकायचं होतं. अंगण सामाईक. वारा सुटलेला. पलीकडे पुतण्याची काळी स्प्लेंडर उभी. पुतण्या उद्यमबागेतल्या फौंड्रीतून रात्रपाळी करून आलेला, गाढ झोपेत.

उठून बघतो तर टाकी, साइड पॅनेल, मागच्या दिव्याचं लाल कव्हर, सगळीकडे आकाशी कणी बसलेली.

"दोन हाका मारल्या की मी," रंगारी म्हणाला.

"फाटकाला चिकटून गाडी लावतंय कोण?" काका म्हणाले, पण मागोमाग, "धुवून घे, काय पैसे होतील ते मी देतो," असंही म्हणाले. रंगाऱ्याने तर टर्पेंटाईनमध्ये भिजवलेला बोळा तिथल्या तिथे पुढे केला. ऑइलपेंट हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतो. पहिल्या काही तासांत टर्पेंटाईनने तो अलगद सुटतो.

पुतण्याने बोळा घेतला नाही. "पुसायचं नाही. काय करून ठेवलंय ते गावानं बघू दे."

मग ते ठिपके गावभर फिरले. सुळग्याच्या चहाच्या गाड्यावर, हिंडलग्याच्या पंपावर, फौंड्रीच्या दारात कुणीतरी विचारायचं आणि हा सांगायचा. सांगता सांगता रंगाऱ्याच्या दोन हाका गळाल्या, पैसे देतो म्हणालेले काका गळाले, आणि काकांनी मुद्दाम फवारा गाडीकडे वळवला, इथवर गोष्ट पोहोचली. ती फिरून काकांच्या कानावर आली. त्या दिवाळीत दोन्ही घरांत फराळाची ताटं गेली नाहीत.

"पुसून टाक की रे," आई म्हणायची.

"मग पुरावा काय राहिला?"

खटला कुठल्या कोर्टात चालणार होता, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. बहुधा त्यालाही ठाऊक नसावं.

तुळशीचं लग्न झालं आणि निपाणीकडचं एक स्थळ आलं. मुलगी बघायला जायचं, तर गाडी कशी दिसणार? आदल्या संध्याकाळी त्याने साबण लावला, ठिपके हलेनात. नखाने खरवडले, नख दुखलं. शेवटी रंगाच्या दुकानातून थिनरची बाटली आणली आणि साइड पॅनेलवर जोरात फडकं मारलं. आकाशी गेलं. त्याच फडक्याला काळं आलं, मग कंपनीच्या स्टिकरची अक्षरं आली. लाल कव्हरही तसंच पुसलं, तर ते पांढुरकं होऊन त्यावर बारीक तडे उठले. टाकीवर जाण्याआधी हात थांबला, एवढंच नशीब.

हिंडलग्याच्या पेंटिंगवाल्या मिस्त्रीने पॅनेल बघितलं. "कशानं पुसलास हे?"

"थिनरनं, मामा."

"थिनरला काकाचा रंग कुठला नि तुझा कुठला, कळत नाही."

टाकीला मात्र मिस्त्रीने घाई केली नाही. गाडी सावलीत घेतली, पत्रा गार होऊ दिला, शाम्पूच्या पाण्याने धुतली. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून टाकीवरून फिरवली. उघड्या बोटाला न लागणारी कणी पिशवीतून रव्यासारखी लागते. मग क्ले नावाच्या मऊ वडीचा तुकडा काढला. आधी टाकीच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेला करून बघितलं. साबणाचं पाणी सतत मारत, दाब न देता, तुकडा सरळ रेषेत मागे-पुढे. हवेतून उडालेला रंग वाटेतच अर्धा वाळतो, म्हणून तो वर बसतो, आत मुरत नाही. क्ले त्याला कडेने धरून उचलते. एकदा तुकडा जमिनीवर पडला. मिस्त्रीने तो सरळ फेकून दिला, कारण त्याला लागलेली वाळू टाकीवर ओरखडे काढते. हटून बसलेल्या ठिपक्यांवर टर्पेंटाईनचं फडकं क्षणभर ठेवलं आणि लगेच धुतलं. शेवटी बारीक पॉलिश आणि मेणाचा हात. चकाकीचा वरचा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही बारीक. एकदा घासून गेला की पुन्हा रंगवल्याशिवाय येत नाही.

दुपार त्यातच गेली. काका बेळगावला निघालेले. रस्त्यावरून गाडी दिसली तसे आत आले. टाकीत तोंड दिसत होतं. त्यांनी पॅनेल बघितलं आणि काही बोलले नाहीत.

मिस्त्रीने दोन चिठ्ठ्या लिहिल्या. ठिपके काढण्याचे ५०० रुपये काकांनी खिशातून काढून दिले. पॅनेल नव्याने रंगवणं, स्टिकर आणि मागच्या दिव्याचं कव्हर मिळून १,४०० झाले. ते पुतण्याने दिले.